रंगाऱ्याची फणी
(घनवादाची ओळख करून देणारा लघु माहितीपट : निवेदन)

[दृश्य : लोखंडी पत्रा, त्यावर ओला तपकिरी रंग. एका हातात पोलादी फणी. अगदी जवळून.]

हा लोखंडी पत्रा आहे. अजून दहा मिनिटांनी तुम्ही पैज लावाल की हे सागवान आहे.

पुण्यातल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये आपण उभे आहोत. फ्लॅटच्या बाहेर बसणाऱ्या लोखंडी दारांना इथे लाकडाचं रूप दिलं जातं. काल पत्र्यावर फिकट पिवळसर रंगाचा हात मारला, तो रात्रभर वाळला. आज त्यावर गडद तपकिरी रंगाचा पातळ थर चढवलाय, इतका पातळ की खालचा पिवळा दिसत राहतो. हा थर ओला आहे तोवरच काय ते करायचं.

फणी नीट बघा. दात एकसारखे नाहीत. काही जाड, काही बारीक. ती वरून खाली ओढायची, पण मनगट ताठ ठेवायचं नाही. हात सरळ गेला की वहीच्या पानासारख्या रेघा येतात आणि सगळं सोंग उघडं पडतं. म्हणून हाताला किंचित थरथर द्यायची. ही थरथर शिकायला वर्षं जातात.

[दृश्य : दुसरी, बारीक दातांची फणी. मग अंगठ्याला गुंडाळलेलं फडकं.]

आता बारीक फणी, थोडी तिरपी. पहिल्या रेघा मधूनमधून तुटल्या आणि लाकडाचे रेषे दिसायला लागले. अंगठ्याला फडकं गुंडाळून एक वळसा दिला, ही झाली गाठ. उरलंय ते वॉर्निश.

हे काका चाळीस वर्षं हे काम करतायत. पिकासोचं नाव त्यांनी ऐकलंय, ब्राकचं नाही. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. घनवाद म्हटलं की पिकासो, इतकंच आपण सगळे शिकलो. पण काकांच्या हातात आहे तसली फणी आधुनिक चित्रकलेत आणली ती जॉर्ज ब्राक यांनी. तेही घरं रंगवणाऱ्या रंगाऱ्याचे चिरंजीव. वडील रंगारी, आजोबा रंगारी.

[दृश्य : टेबलावर स्टीलचा पेला. कॅमेरा त्याच्याभोवती सावकाश फिरतो.]

फणी जरा बाजूला ठेवू. आधी हा पेला बघू.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना स्थिरचित्राचा पेपर आठवेल. पेल्याचं तोंड लंबगोल काढायचं, बूडही लंबगोल, आणि बूड सरळ रेघेनं काढलं की मार्क गेले. नियम बरोबरच होता. आपण एका बाकावर बसलोय, तिथून हलायचं नाही आणि तिथून जे दिसतं तेच कागदावर आणायचं, असा तो करार होता. रेल्वेचे रूळ लांब जाऊन एका बिंदूत मिळतात ते चित्रही याच करारातलं. त्याला यथादर्शन म्हणतात. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये ते शास्त्र पक्कं झालं आणि पुढची चारशेहून अधिक वर्षं युरोपचं चित्र त्यावर उभं राहिलं.

पण पेला असा कुणाला माहीत असतो? तो आपण हातात घेतो. वरून पाहतो तेव्हा तोंड पूर्ण गोल असतं. बाजूनं पाहतो तेव्हा उभ्या कडा सरळ असतात. टेबलावर ठेवला की बूड सपाट बसतं, हे हाताला कळतं. लहान मूल पेला काढतं तेव्हा तोंड गोल आणि बूड सपाट काढतं, आणि आपण त्याला चुकलास म्हणतो. ते मूल त्याला माहीत असलेला पेला काढत असतं.

[दृश्य : कॅमेरा पेल्याच्या वर येऊन थांबतो. वरचं दृश्य आणि बाजूचं दृश्य एकावर एक.]

ही दोन दृश्यं आम्ही एकावर एक ठेवली. पडद्यावर जे दिसतंय तिथून घनवादाचं दार उघडतं. वस्तू एका जागेवरून न पाहता फिरून पाहायची, आणि फिरताना जे जे कळलं ते एकाच सपाट पृष्ठभागावर मांडायचं. हे तुम्हाला पटलं तर पुढचं सगळं पटेल.

[दृश्य : बर्न, स्वित्झर्लंड. कलासंग्रहालयाची पायरी. मग एक चित्र : गेरू रंगाची घरं.]

स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात, कलासंग्रहालयाच्या भिंतीवर हे एक लहानसं चित्र आहे. उंची ७३ सेंटिमीटर, रुंदी ६०. ‘लेस्ताक इथली घरं’. साल १९०८. लेस्ताक हे मार्सेच्या जवळचं समुद्राकाठचं गाव. फ्रेंच चित्रकार पॉल सेझान तिथे जाऊन रंगवायचे. १९०६ मध्ये सेझान गेले, दुसऱ्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन लागलं आणि तरुण चित्रकारांची झोप उडाली. निसर्गाकडे दंडगोल, गोल आणि शंकूच्या रूपात बघा, असं त्यांनी एका तरुण चित्रकाराला पत्रात लिहिलं होतं. ब्राक त्यांच्या मागावर थेट लेस्ताकला पोचले.

चित्रात आकाश शोधा. नाही. क्षितिजही नाही. घरांना दारं नाहीत, खिडक्या नाहीत. लांबची घरं जवळच्या घरांच्या मागे जायला हवीत, ती त्यांच्या डोक्यावर चढून बसली आहेत. उजेड नेमका कुठून येतोय ते सांगता येत नाही. डावीकडून एक झाड तिरकं आत शिरतं आणि सगळी रचना त्याला टेकून उभी राहते. रंग कोणते? गेरू, हिरवा, करडा. एक वर्ष आधी हेच ब्राक भडक गुलाबी आणि नारिंगी रंगांत समुद्र रंगवत होते, हे खरं वाटत नाही.

ही चित्रं पॅरिसच्या शरद प्रदर्शनाच्या निवड समितीनं परत पाठवली. समितीत चित्रकार आंरी मातिस होते. ब्राकनं छोट्या छोट्या घनांची चित्रं पाठवलीत, असं ते म्हणाले. मग कानवायलर नावाच्या चोविशीतल्या जर्मन विक्रेत्यानं आपल्या एवढ्याशा गॅलरीत नोव्हेंबर १९०८ मध्ये ती लावली. लुई व्होसेल या समीक्षकानं १४ नोव्हेंबरला वर्तमानपत्रात लिहिलं की हा माणूस सगळ्याचे, जागांचे, माणसांचे, घरांचे घन करून टाकतो. नाव पडलं ते असं, हिणवताना. क्युबिझम. मराठीत घनवाद.

मला विचाराल तर या नावानं नुकसानच केलं. घन म्हणजे ठोकळा, म्हणून आपण चित्रात ठोकळे शोधत बसतो. पुढच्या तीन वर्षांत तर ठोकळे उरलेच नाहीत, ते आता बघू.

[दृश्य : पॅरिस, मोंमार्त्र. एमिल-गुदो चौक. चढाचा रस्ता, झाडं, एक कारंजं. काचेच्या खिडकीत जुने फोटो.]

मोंमार्त्रच्या टेकडीवरचा हा चौक. या काचेच्या मागे कधीकाळी लाकडी, करकरणारी, उतारावर कशीबशी तग धरलेली एक इमारत होती. सीन नदीत धोबिणींच्या नावा असत, तशी दिसते म्हणून तिला नाव पडलं ‘बातो-लाव्वार’, म्हणजे धोबिणींची होडी. १९०४ पासून पिकासो इथे राहत. १९०७ मध्ये ‘आविन्योंच्या तरुणी’ हे जवळजवळ अडीच मीटर उंचीचं चित्र त्यांनी इथेच केलं. त्यातले आफ्रिकी मुखवट्यांसारखे चेहरे बघून मित्रमंडळी हादरली. त्याच वर्षाअखेरीला कवी अपोलिनेर ब्राकना घेऊन इथे आले. ते चित्र आज न्यूयॉर्कला आहे. मूळ इमारत १९७० मध्ये जळाली, दर्शनी भाग तेवढा वाचला.

इथून पुढे दोघांची चित्रं वेगळी काढणं अवघड होत जातं. रोज संध्याकाळी एक दुसऱ्याच्या स्टुडिओत जायचा, दिवसभराचं काम बघायला. दोघांनाही पटेपर्यंत चित्र पुरं झालं असं धरायचं नाही. सही कॅनव्हासच्या मागे. पुढे ब्राक त्या दिवसांबद्दल सांगत की एकाच दोराला बांधलेले दोन गिर्यारोहक होतो आम्ही. पिकासो ब्राकना गमतीनं विल्बर म्हणत, राइट बंधूंमधला विल्बर. विमानं नुकतीच उडायला लागली होती आणि आपणही तसलंच काही करतोय हे या दोघांना ठाऊक होतं.

[दृश्य : बाझल. कलासंग्रहालयाची दालनं. कॅमेरा एका उभ्या, करड्या-तपकिरी चित्राकडे सरकतो.]

आता स्वित्झर्लंडमधलंच बाझल. घनवाद बघायला इतकी चांगली जागा मी तरी दुसरी पाहिलेली नाही, आणि आमच्या कॅमेऱ्याचा बराच वेळ इथे गेला.

‘सुरई आणि व्हायोलिन’. ब्राक, १९०९-१०. व्हायोलिन ओळखू येतं, पण फुटलेल्या आरशात बघावं तसं. तारा एकीकडे, पोट दुसरीकडे. सुरईच्या कडा भिंतीत विरघळल्यात. वस्तू कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते ते कळू नये, असाच बेत आहे. ब्राकना वस्तूंइतकीच वस्तूंच्या मधल्या जागेची ओढ होती. ती जागा हाताला लागावी असं त्यांना वाटायचं. रंग मध्ये आला की जागा विस्कटते, म्हणून रंग जवळजवळ काढूनच टाकले. वाद्यं निवडली, कारण वाद्याला हात लावला की ते जिवंत होतं. ते स्वतः अकॉर्डियन वाजवायचे.

[दृश्य : चित्राचा वरचा भाग. एक खिळा आणि त्याची सावली. कॅमेरा थांबतो.]

आणि आता इथे. अगदी वर.

खिळा. भिंतीत ठोकलेला, एका बाजूला सावली पाडणारा, खराखुरा वाटणारा खिळा. बोटानं उपटून काढावासा. खाली सगळं जग तुकड्या-तुकड्यांत, आणि वर हा एक खिळा शाबूत.

हा रंगाऱ्याचा खिळा आहे. ल आव्र या बंदराच्या शहरात ब्राकनी वडिलांच्या हाताखाली भिंती रंगवल्या. संध्याकाळी कलाशाळेचे वर्ग केले. मग पॅरिसला येऊन सजावटीच्या रंगकामाची रीतसर उमेदवारी केली. खोटं लाकूड, खोटा संगमरवर, दुकानाच्या पाटीची अक्षरं. डोळ्याला फसवण्याचा धंदा ते शिकून आले होते. ‘मला जुन्या रीतीनंही फसवता येतं,’ असं जणू तो खिळा म्हणतोय, ‘पण आता मी दुसरं काही करतोय.’

[दृश्य : दुसरं चित्र. ‘पोर्तुगीज’. अक्षरांचा क्लोजअप : डी, मग बी-ए-एल. खाली आकडे.]

त्याच संग्रहालयातलं पुढचं चित्र. ‘पोर्तुगीज’, १९११-१२. हातात गिटार घेतलेला वादक आहे. दिसत नसेल तर घाबरू नका. आधी खाली, मध्याच्या आसपास, वाद्याच्या पोटाचं गोल भोक आणि तारांच्या सरळ रेघा शोधा. तिथून वर जा, खांदे सापडतात. त्रिकोणासारखा उभा माणूस हळूहळू जमून येतो. आम्ही शॉट मुद्दाम लांब ठेवलाय. बघा.

[दृश्य : पंधरा सेकंद, निवेदन नाही.]

ठोकळे गेले ते हे. आता उरलेत पापुद्रे, एकमेकांत शिरणारे, मागचं पुढे आणणारे. अभ्यासक याला विश्लेषणात्मक घनवाद म्हणतात. १९११ चा उन्हाळा दोघांनी पिरेनीज पर्वताजवळच्या सेरे गावात बरोबर काढला आणि चित्रं इतकी पुढे गेली की आणखी एक पाऊल टाकलं असतं तर वस्तूच हरवली असती. दोघांनाही ते नको होतं. त्यांना पेला हवा होता, बाटली हवी होती, पाइप हवा होता.

परतीचा रस्ता पुन्हा रंगाऱ्याच्या पेटीतून निघाला. ही अक्षरं बघा. स्टेन्सिल ठेवून रंग थोपटलाय, ट्रकच्या मागे किंवा मालाच्या खोक्यावर असतात तशी. नाचाच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीचा तुकडा आणि खाली किंमत असावी तसा आकडा, १०,४०. अक्षर सपाटच असतं. त्याला पुढे-मागे ढकलता येत नाही, वाकवता येत नाही. म्हणून ते चित्राच्या पृष्ठभागावर घट्ट बसतं आणि बाकीचं सगळं त्याच्या मागे सरकतं. काय युक्ती आहे ही! एका स्टेन्सिलनं चित्रात पुन्हा खोली आणली.

[दृश्य : तिसरं चित्र. पिकासो, ‘कवी’. केसांचा आणि मिशीचा क्लोजअप.]

आणि फणी.

१९११-१२ च्या हिवाळ्यात ब्राक खोट्या लाकडाचे रेषे आपल्या चित्रांत ओढू लागले. व्हायोलिनचं लाकूड दाखवायला व्हायोलिनचा आकार लागत नाही, रेषे पुरतात. ही फणी त्यांनी पिकासोंच्याही हातात दिली, कशी ओढायची ते दाखवलं. पिकासोंनी काय केलं? लाकूड सोडलं आणि फणीनं केस विंचरले. १९१२ मधला हा ‘कवी’. केस बघा. मिशी बघा. दोन चित्रकारांचे स्वभाव मला या एका मिशीत दिसतात. एकाला साहित्याचा पोत प्रिय, दुसऱ्याला त्या साहित्याशी खेळायची ओढ.

[दृश्य : पुन्हा पुण्याची शेड. टेबलावर वॉलपेपरचा रोल, कात्री, कोळशाची कांडी, डिंक.]

१९१२ च्या उन्हाळ्यात दोघं आविन्योंजवळच्या सॉर्ग गावात शेजारी राहत होते. त्याच वर्षी वसंतात पिकासोंनी वेताच्या खुर्चीची वीण छापलेलं मेणकापड एका लहानशा चित्रावर चिकटवलं होतं आणि कडेनं सुंभाची चौकट घातली होती. पण पुढची गोष्ट ब्राकची. आविन्योंच्या एका दुकानाच्या काचेत त्यांना भिंतीला लावायचा कागद दिसला. ओकच्या लाकडाचे रेषे छापलेला. त्यांनी वाट पाहिली. सप्टेंबरात पिकासो काही दिवसांसाठी पॅरिसला गेले, आणि ब्राकनी रोल विकत आणला.

[दृश्य : हात कागदाची पट्टी कापतात, पांढऱ्या कागदावर ठेवतात, कोळशानं रेघ पट्टीवरून बाहेर जाते.]

त्यांनी केलं ते आम्ही इथे साध्या वॉलपेपरवर करून पाहिलं. हुबेहूब नक्कल करायचा आमचा इरादा नाही, रीत दाखवायची आहे. पट्टी कापायची, चिकटवायची. मग कोळशानं फळांचं तबक आणि पेला. रेघ पट्टीवर थांबत नाही, ओलांडून जाते. आता ही पट्टी काय आहे? लाकूड आहे म्हणावं तर कागद आहे. कागद आहे म्हणावं तर टेबलाचा खण दिसतोय. चित्राच्या मागे आहे म्हणावं तर वर चिकटलीय. रंग एकीकडे, आकार दुसरीकडे, पोत तिसरीकडे, आणि तिघे एकाच टेबलावर. ‘फळांचं तबक आणि पेला’, चिकटवलेल्या कागदाचं हे पहिलं चित्र. संश्लेषणात्मक घनवाद म्हणून जे शिकवलं जातं, त्याची सुरुवात ही.

ज्याला फणीनं उत्तम लाकूड काढता येत होतं, त्यानं बाजारातलं छापील खोटं लाकूड उचललं. आपलंच कसब त्यानं यंत्राच्या हवाली केलं आणि चित्र पुढे नेलं. या क्षणाशी मी नेहमी थबकतो. काकांचं कामही अशाच छापील सनमायकानं कमी केलंय.

९ ऑक्टोबर १९१२ ला पिकासो ब्राकना पत्र लिहितात, की तुझ्या त्या ताज्या कागदी आणि धुळीच्या रीती मी वापरतोय. धुळीच्या, कारण ब्राक रंगात वाळूही मिसळायला लागले होते. हीसुद्धा रंगकामातलीच सवय.

[दृश्य : हुआन ग्रीस आणि लेजे यांच्या चित्रांची झलक. वेगवान कट.]

तोवर पॅरिसभर घनवादी झाले होते. बातो-लाव्वारमध्येच राहणारे हुआन ग्रीस, नळ्यानळ्यांचे आकार करणारे फेर्नां लेजे, प्रदर्शनांतून गाजलेले ग्लेझ आणि मेत्सांजे.

[दृश्य : आविन्यों स्टेशनचा जुना फोटो. काळा पडदा.]

२ ऑगस्ट १९१४. पहिलं महायुद्ध पेटलं होतं. आविन्यों स्टेशनवर पिकासो ब्राकना सोडायला आले. ब्राक सैन्यात दाखल झाले. मे १९१५ मध्ये कारन्सीच्या लढाईत डोक्याला जखम, कवटीची शस्त्रक्रिया. पुन्हा कुंचला धरला तो १९१६-१७ मध्ये. तो दोर पुन्हा बांधला गेला नाही. कानवायलर जर्मन, म्हणून त्यांचा सगळा साठा फ्रेंच सरकारनं जप्त केला आणि १९२१ ते २३ मध्ये लिलावात काढला. पॅरिसमध्ये राहणारे बाझलचे बँकर राउल ला रोश यांनी त्यात बरीच खरेदी केली आणि पुढे आपल्या गावाला देऊन टाकली. खिळा आणि पोर्तुगीज वादक बाझलच्या भिंतीवर आहेत ते त्यांच्यामुळे. घनवाद आपल्याकडेही पोचला. १९२० च्या दशकात कोलकात्यात चित्रकार गगनेंद्रनाथ टागोर घनवादी प्रकाशात घरं रंगवत होते. आपल्या जे. जे. स्कूलमधून शिकलेले जहांगीर सबावाला १९४८ नंतर पॅरिसमध्ये आंद्रे लोत या घनवादी गुरूकडे शिकले, आणि त्यांच्या समुद्रांना, डोंगरांना ते कंगोरे मिळाले.

[दृश्य : पुण्याची शेड. संध्याकाळ. दार वाळत उभं आहे.]

दार तयार आहे. उद्या वॉर्निश लागेल.

निघताना आम्ही काकांना ‘कवी’चा छापील फोटो दाखवला. कुणाचं चित्र, कधीचं, काही सांगितलं नाही. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो उजेडाला तिरपा धरला. चेहरा सोडला, तुकडे सोडले. बोट थेट मिशीवर गेलं. मग दुसऱ्या हातानं हवेतच, वरून खाली, ती किंचित थरथर करून दाखवली.